आपण नसतानाचं गाव

मतदानाला दोन दिवस उरले असताना एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे एक प्रश्न घेऊन आला, आणि गुरुजींनी उत्तर देण्याऐवजी त्याला अर्धा दिवस ओट्यावर बसवून ठेवलं. त्या अर्ध्या दिवसाची ही गोष्ट.

गावाचं नाव उंबरकडा. सह्याद्रीच्या एका खोऱ्यात, डोंगराच्या पोटाला बिलगलेलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. शेती पावसापुरती, म्हणून कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या शहराच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहायला जात. मागे राहत त्या म्हाताऱ्या, लहान मुलं, आणि ज्यांना शहरात खोली मिळाली नाही अशा सुना.

शिष्याचं नाव हणमंत रांजणे. बावीस वर्षं तो भाजीबाजारात माथाडी होता. उंबरकड्याच्या लोकांचं शहरात एक मंडळ होतं आणि हणमंत त्याचा सेक्रेटरी. मंडळातल्या बहात्तर जणांची नावं मतदार म्हणून गावच्या यादीत होती. गावची निवडणूक पाचपंचवीस मतांनी फिरायची, त्यामुळे दोन्ही पॅनेलचे पुढारी निवडणूक आली की शहरात येऊन मंडळाच्या खोलीत मांडी घालून बसत. बहात्तर मतं हणमंत म्हणेल तिकडे जातात, हे सगळ्यांना माहीत होतं.

या माणसाचं गावावर विलक्षण प्रेम होतं. दुपारी बाजार थंडावला की तो रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर पाठ टेकायचा, आणि डोळे मिटले की त्याला आपलं घर दिसायचं. शेणानं सारवलेलं अंगण. चुलीजवळ आई. कोपऱ्यातल्या उतरंडीशेजारी काठोकाठ भरलेले दोन हंडे आणि घागर, वर ओलं फडकं. त्या पाण्याची चव त्याला शहरात कुठे सापडली नाही. वर्षातून दोनदा तो घरी जाई, एकदा जत्रेला आणि एकदा कारण निघालं तर. निवडणूक हे असंच एक कारण. लोक मतदानाला कंटाळतात, हणमंत त्याची वाट पाहायचा.

यंदा दोन्ही पॅनेलनी जाहीर केलं होतं की निवडून आलो तर गावाच्या वेशीवर दगडी कमान बांधू. एकानं कमानीचं चित्रही पाठवलं होतं. ते पाहून मंडळातल्या लोकांचे डोळे भरून आले. पण दोघांचंही वचन एकच निघाल्यामुळे हणमंतला निवड करता येईना. म्हणून मंडळाची गाडी शनिवारी निघणार होती, तरी तो शुक्रवारीच सकाळच्या एसटीनं एकटा आला. आईला त्यानं शनिवारच सांगितला होता. आधी गुरुजींना विचारावं, मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर घरी जावं, असा त्याचा बेत.

गुरुजी म्हणजे बळवंत पार्टे. वय एक्याऐंशी. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओढ्याच्या अलीकडे उंचावर त्यांचं एकट्याचं घर होतं. ओट्याला कारवीचा कूड घातलेला होता, आणि त्याच्या फटींतून ओढ्यापलीकडची सगळी वाडी दिसे.

हणमंत पायाशी वाकला आणि म्हणाला, "गुरुजी, बहात्तर मतं कुणाला द्यायची ते सांगा. तुमच्या शब्दाबाहेर कुणी जाणार नाही."

गुरुजींनी त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "मत द्यायला जाण्याआधी मतदाराला काय काय ठाऊक असावं, हणमंता?"

हा प्रश्न हणमंतच्या आवडीचा होता. तो शाळेतल्यासारखा सरळ बसला. "यादीत नाव आहे का ते बघावं. बहात्तरच्या बहात्तर नावं मी बघितली. अनुक्रमांक प्रत्येकाला लिहून दिलाय. ओळखपत्र जवळ असावं, ते सांगितलंय. केंद्र शाळेत आहे, साडेसातला उघडतं. नाव एकाच ठिकाणी असावं. आमच्यातल्या कुणाचंच शहरात नाही. उमेदवार कोण, त्याच्यावर खटले आहेत का, मालमत्ता किती, तेही वाचलं. पुढाऱ्यांची गाडी आम्ही घेतली नाही. मंडळानं स्वतःची केलीये."

"उत्तम," गुरुजी म्हणाले. "शंभरातले नव्वद गुण. आता उरलेल्या दहांची परीक्षा देशील?"

"देईन की."

"घरी जाऊन आलास?"

"नाही, थेट इकडेच आलो."

"मग दुपारपर्यंत जाऊ नकोस. या कुडाआड बस. समोर तुझं घर आहे, ते बघ. काहीही दिसलं तरी हाक मारायची नाही, उठायचं नाही. मी सांगेन तेव्हा परीक्षा संपली."

हणमंतला वाटलं, गुरुजींचं वय बोलतंय. सात महिन्यांनी आलेल्या माणसाला त्याच्याच घरासमोर बसवायचं आणि घरी जाऊ द्यायचं नाही, हा काय प्रकार? पण या माणसानं त्याला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं होतं. तो कुडाला टेकून बसला.

थोड्याच वेळात पलीकडचं दार उघडलं आणि त्याची आई, हौसाबाई, बाहेर आली.

सत्तरी ओलांडलेली, कमरेत किंचित वाकलेली, डोईवरचा पदर दातात धरलेली. तिला आपण दिसत नाही आणि ती आपल्याला दिसते, यातलं सुख त्यानं पहिल्यांदाच अनुभवलं. तो हसला. "बघा गुरुजी, या वयातसुद्धा कशी चपळ चालते."

गुरुजींनी फक्त बोटानं पलीकडे दाखवलं.

हौसाबाईनं डोईवर चुंबळ ठेवली, तिच्यावर हंडा ठेवला, काखेत कळशी घेतली. अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटच्या खांबावर एक चकचकीत नळ होता. त्या नळाचा फोटो हणमंतच्या मोबाइलमध्ये होता. दोन वर्षांपूर्वी तो मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. आईनंही फोनवर सांगितलं होतं, "दारात नळ आलाय बाबा." घरी आल्यावर हंडे भरलेलेच असायचे, त्यामुळे तो उघडून पाहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आता ती त्या नळाजवळून गेली, पण वाटेतल्या दगडाकडे बघू नये तसं तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती पायवाटेला लागली आणि कड्याखालच्या झऱ्याकडे उतरू लागली.

"नळ असताना झऱ्यावर का जातेय?" हणमंतनं विचारलं.

"बघ."

बराच वेळ पायवाट रिकामी होती. मग ती वर येताना दिसली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. चढणीवर एका ठिकाणी ती थांबली. थोडी वर आली, पुन्हा थांबली आणि या वेळी वाटेच्या कडेला बसलीच. हंडा डोक्यावर तसाच. उतरवला तर परत चढवून द्यायला जवळ कुणी नव्हतं. हणमंत रोज शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा माणूस. ओझ्याखाली बसलेलं माणूस कसं दिसतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

दीड तास गेला. ती घरात शिरली आणि पाच मिनिटांत रिकामा हंडा घेऊन पुन्हा बाहेर आली.

"आता पुन्हा कशाला?" हणमंतचा आवाज चढला. "एकटीला एक खेप पुष्कळ झाली."

"रोज एकच खेप घालते," गुरुजी हळूच म्हणाले. "उद्या तू येणार आहेस ना."

बावीस वर्षांतले सगळे भरलेले हंडे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. दर वेळी तो घरी पोचला की पहिल्यांदा त्या हंड्यात तांब्या बुडवायचा, घटाघट प्यायचा, उरलेलं पाणी अंगणात भिरकावून द्यायचा आणि म्हणायचा, "शहरात एवढं पाणी बघायलासुद्धा मिळत नाही, आये."

दुसरी खेप टाकून हौसाबाई आरोग्य उपकेंद्राकडे गेली. पिवळ्या भिंतींची ती खोली वाडीच्या टोकाला होती. दाराला कुलूप होतं. ती पायरीवर बसली. उजवा गुडघा दोन्ही हातांनी दाबत राहिली. नर्सबाई आठवड्यातून दोनदा येतात, पण कोणते दोन दिवस ते निश्चित नसतं, असं गुरुजींनी सांगितलं. पाऊण तासानं ती भिंतीचा आधार घेत उठली आणि घराकडे न वळता वरच्या खडकाकडे चढू लागली.

त्या खडकावर मोबाइलची रेंज येई. वाडीत दुसरीकडे कुठेच येत नसे; ओढ्याअलीकडे गुरुजींच्या उंचावरच्या ओट्यावर मात्र येई.

ती वर पोचली. कंबरेच्या पिशवीतून फोन काढला, पण लगेच लावला नाही. एका हातानं दगड धरून ती नुसती उभी राहिली. तिचे खांदे वरखाली होताना एवढ्या लांबूनही दिसत होते. हळूहळू ते स्थिर झाले. तिनं पदरानं तोंड पुसलं, एकदा खाकरून घेतलं, आणि मगच बटण दाबलं.

हणमंतच्या खिशात फोन वाजू लागला.

त्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली, घे म्हणून.

"हं, आये."

"निघायची तयारी झाली का रं?" तिचा आवाज अगदी ताजा, हसरा होता. धाप कुठेही नव्हती.

"झाली. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? सगळं बरं हाय. गुडघा तर दुखायचा थांबलाच म्हण. पाणी भरपूर हाय, आंघुळीला तापवून ठिवते." ती क्षणभर थांबली. "कोंबडा आरवतोय का रं तिकडं?"

गुरुजींच्या परसात खरोखरच कोंबडा आरवत होता.

"बाजारात आहे मी, आये," हणमंत म्हणाला. "कोंबड्यांची गाडी आलीय."

"बरं बरं. सावकाश ये. घाई करू नगंस."

फोन बंद झाला. ती खडकावर तशीच उभी राहिली, शहराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दिशेनं बघत. त्या दिशेला दोन डोंगरांशिवाय काही दिसत नाही. तरी ती बघत होती. मग बसून, एकेक पाय खाली सोडत, खडक उतरू लागली.

हणमंत उठला. त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता. "गुरुजी, ती माझी आई आहे. हा तमाशा दाखवायला बसवलंत मला? तुम्हाला माहीत होतं, तर एक फोन करता आला नसता?"

"आला असता," गुरुजी म्हणाले. "केलाही असता, पण तुझ्या आईनं मला शपथ घातलीये. बस जरा. रागाव, पण बसून रागाव."

हणमंत बसला नाही. कुडाला हात लावून उभा राहिला.

"मी सुरुवातीची बावीस वर्षं परक्या तालुक्यात नोकरी केली," गुरुजी म्हणाले. "तेव्हा फोन नव्हते. पत्नीचं दर पंधरवड्याला पत्र यायचं. शेवटी नेहमी लिहायची, सर्व कुशल आहे. एका निवडणुकीला मी मत द्यायला आलो. उन्हाळा होता, ओढा कोरडा. मी ओढ्यातूनच चालत पलीकडे गेलो. देवळाला सभामंडप हवा, अशी सूचना मीच मांडली होती. सभामंडपाचं वचन ज्यानं दिलं त्याला मत दिलं आणि समाधानानं परत गेलो. ओढ्यावरचा लाकडी साकव दोन वर्षांपासून मोडलेला होता. तिनं कळवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, आणि डोळ्यांसमोर असून मला दिसला नव्हता. त्याच पावसाळ्यात ती आजारी पडली. दवाखान्याची वाट तेव्हा पलीकडून होती. डोलीत घालून लोक तिला ओढ्यापर्यंत घेऊन आले. अलीकडच्या काठावर दीड दिवस पाणी उतरायची वाट बघत बसले. ती तिथेच गेली. सभामंडप छान झालाय. अजून पक्का आहे."

हणमंत खाली बसला.

मग गुरुजी पुढे म्हणाले, "तुला यादी ठाऊक आहे, केंद्र ठाऊक आहे, उमेदवार ठाऊक आहेत. गाव ठाऊक नाही. तू येतोस त्या दिवशीचं गाव तुला माहीत आहे, आणि ते तुझ्या आईनं दोन दिवस खपून तुझ्यापुरतं मांडलेलं असतं. मत त्या गावाला लागू होत नाही, हणमंता. ते लागू होतं तू नसतानाच्या गावाला. दूर राहिलेल्या माणसाला गावाची ओढ लागते, आणि ओढ लागली की त्याला सगळं सुंदर आठवतं. आठवणं म्हणजे माहीत असणं नव्हे. इकडे मागे राहिलेल्याला त्याची ओढ लागते, म्हणून तो सगळं बरं आहे म्हणतो. दोघंही एकमेकांना मायेनं फसवतात. आता तूही बाजारात असल्याचं सांगितलंस ना? पुढाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असतं. दोघांनाही कमानच का सुचली? कारण वर्षातून दोनदा येणाऱ्याला वेस दिसते, झऱ्याची वाट दिसत नाही. मतं तुमच्याकडे, म्हणून वचनं तुमच्या डोळ्यांसाठी."

"मग मत कुणाला देऊ?" हणमंतनं खाली बघतच विचारलं.

"ते मी सांगणार नाही. सांगितलं तर बहात्तर मतं माझी होतील. आत्ता ती तुझी आहेत, तेही बरोबर नाही. ती बहात्तर जणांची असायला हवीत." गुरुजींनी काठी घेतली आणि उठले. "परीक्षा संपली. जा घरी."

हणमंत ओढा ओलांडून गेला तेव्हा हौसाबाई अंगण सारवायला बसत होती. त्याला पाहून तिचा चेहरा आधी उजळला, मग एकदम घाबरा झाला. तिनं पटकन भरल्या हंड्यांकडे बघितलं, आपलं काही उघडं तर पडलं नाही ना, हे तपासावं तसं.

"आज कसा आलास? उद्या येणार हुतास ना? आता तर फोनवर बोललास."

"सकाळीच आलो, आये. गुरुजींच्या ओट्यावर होतो."

तिचा हात शेणाच्या पाटीत तसाच राहिला. ओटा इथून दिसतो, आणि तिथून हे सगळं दिसतं, हे तिला माहीत होतं.

"म्हंजे बघितलंस," ती म्हणाली.

"बघितलं. सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगून काय केलं असतंस? काम टाकून आला असतास, तर पोरांच्या शाळंचं काय? आन्‌ सांगूनबी आला नसतास, तर..." ती थांबली. "तर मला लई वाईट वाटलं असतं. म्हणून तो इषयच काढला न्हाई."

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"तुमच्यासाठी ती कमान बांधणार हाईत म्हणं," ती म्हणाली. "बांधू दे की. झऱ्यावरनं येताना तिच्या सावलीला दम तरी खाईन."

ती हे चेष्टेनं म्हणाली नव्हती. मुलाला आवडलेल्या गोष्टीत आपल्याला काही उपयोग सापडतो का, हे ती मनापासून शोधत होती. हणमंतनं चुंबळ उचलली, हंडा घेतला आणि झऱ्याची वाट धरली. ती मागून म्हणत राहिली, "अरं, हंडं भरल्यात." त्यानं ऐकलं नाही. जाऊन त्याला ती वाट पायाखाली घालायची होती. शंभर किलो वाहणाऱ्या माणसाला त्या चढणीवर दोनदा थांबावं लागलं.

शनिवारी दुपारी मंडळाची गाडी आली. वेशीवर दोन्ही पॅनेलची माणसं हार घेऊन उभी होती. लोक उतरले आणि हणमंतभोवती जमले.

"बोल हणमंता, बटण कुठलं?" ज्ञानू सपकाळ नावाचा एक गडी म्हणाला. "सांगून टाक, म्हणजे निवांत जेवायला मोकळे."

"मी नाव सांगणार नाही," हणमंत म्हणाला. "या वेळी नाही आणि पुढेही नाही. घरी जा आणि आईला, बायकोला विचारा की आम्ही नसताना काय होतं. त्या म्हणतील सगळं बरं आहे. मग काही न बोलता घरातला हंडा उचला आणि झऱ्यावर जाऊन या."

लोकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, याला पुढाऱ्यांनी दमात घेतलंय. ज्ञानू चिडला. "दोनशे कोस धक्के खात आलो ते हंडे भरायला?" पण तोही घरी गेला, आणि तासाभरात झऱ्याच्या वाटेवर रांग दिसू लागली. धिप्पाड माणसं, डोक्यावर हंडा सांभाळायची सवय नसलेली, निम्मं पाणी अंगावर सांडत चढत होती. बायका दारांत उभ्या राहून आधी हसल्या. मग एकेक करून हसायच्या थांबल्या. ज्ञानूची बायको ओटीवर बसून रडत होती, आणि का रडतेस असं कुणी तिला विचारलं नाही.

संध्याकाळी लोकांनी दोन्ही पुढाऱ्यांना पारावर बोलावलं. भांडण झालं नाही. नळाला पाणी का नाही, एवढंच विचारलं. एक म्हणाला, पंप जळलाय. दुसरा म्हणाला, पंप ठीक आहे, विजेची जोडणीच झालेली नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि गावाला कळलं की पंपघरात जाऊन तो पंप दोघांपैकी एकानंही पाहिलेला नाही. नर्सबाईंचे वार कोणते, हे दोघांनाही सांगता आलं नाही. कमानीबद्दल त्या संध्याकाळी कुणीच बोललं नाही.

रविवारी मतदान झालं. हणमंत आईला धरून शाळेत घेऊन गेला. बोटाला शाई लागली, पडद्याआड ती एकटी गेली आणि बाहेर आली. तो एकटा गेला आणि बाहेर आला. कुणाला दिलंस, असं त्यानं तिला विचारलं नाही आणि तिनं त्याला विचारलं नाही. बहात्तर मतं कुठे कुठे गेली ते आजवर कुणाला कळलेलं नाही. निवडून कोण आलं तेही मी सांगत नाही. तुमच्या गावात निवडून येतो तसाच एक माणूस आला, फार चांगला नाही आणि फार वाईटही नाही. फरक एवढाच की आपल्याकडे कोण बघतंय, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

चार वाजता गाडी निघाली. हौसाबाई वेशीपर्यंत आली नाही, गुडघ्यानं येऊ दिलं नाही. हणमंत खिडकीतून मागे बघत राहिला. दर वेळी निघताना त्याला गाव सोडून जाण्याचं दुःख व्हायचं. या वेळी दुःख निराळं होतं. आपण निघून गेल्यावर उद्या सकाळी इथे काय होणार, ते त्याला आता स्पष्ट दिसत होतं.

वैशाखातल्या एका मंगळवारी पहिली ग्रामसभा भरली. तोवर विजेची जोडणी झाली होती, पंप दुरुस्तीला गेला होता, आणि उपकेंद्राच्या दारावर दोन वारांची पाटी लागली होती. नर्सबाई त्यातल्या एका वारी येत, दुसऱ्या वारी येत नसत. सभेला नेहमी पंधरा माणसं यायची. त्या दिवशी शहरातून एकोणतीस जण आले, कामाचा खाडा करून, ज्याच्या त्याच्या तिकिटानं. मतदान नव्हतं, जत्रा नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. गुरुजी मागच्या बाजूला काठीवर हनुवटी टेकून बसले होते. सभा संपल्यावर हणमंत त्यांच्या पाया पडला. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आपण ज्याला मत देतो त्याची माहिती काढण्याआधी, ज्यांच्यासाठी मत देतो त्यांचा एखादा साधा दिवस आपण पाहिलेला असावा, एवढंच मला या गोष्टीतून सांगायचं आहे.

सभेनंतर हणमंत घरी गेला. येणार असल्याचं त्यानं कळवलं नव्हतं. हौसाबाई जेवायला बसली होती. अंगण सारवलेलं नव्हतं. कोंबडी कापलेली नव्हती, गोडाधोडाचा वास नव्हता. तिनं वर पाहिलं, जरा सरकून त्याला जागा करून दिली, आणि आपल्या ताटलीतली नाचणीची भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली.

"कोरड्यास संपलंय," ती म्हणाली. "ठेच्यासंगं खा."

एवढंच. सबब नाही, संकोच नाही. तो खाली बसला आणि जेवू लागला. बावीस वर्षांत तिनं पहिल्यांदाच त्याला पाहुण्यासारखं वागवलं नव्हतं.